दारातलं कुत्रं आणि वाफ्यातला खड्डा

पुण्या-नाशिकच्या जुन्या कॉलन्यांमधून सकाळी फेरी मारली, तर कुठल्या ना कुठल्या फाटकाला निळ्या पाण्याची बाटली लटकलेली दिसतेच. रिकामी बाटली, त्यात कपड्यांच्या निळीचे चार थेंब, झाकणाला सुतळी. हिला कुत्रं घाबरतं, असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतो. कुत्र्याच्या डोळ्याला निळा आणि पिवळा हे दोनच रंग नीट कळतात. म्हणजे ती बाटली त्याला आपल्याइतकीच दिसते, पण तिला भ्यायचं कारण त्याच्याकडे नसतं. नवी वस्तू म्हणून ते थोडे दिवस बिचकतं, मग हुंगतं, आणि मग तिच्यावरच तंगडी वर करतं. कुंकवाच्या लाल पाण्याची गत याहून वेगळी नाही.

कुत्रं दारात येतं ते चार गोष्टींसाठी: खाणं, आडोसा, गारवा किंवा ऊब, आणि आधीच्या कुत्र्याने ठेवलेला वास. या चारांतलं नेमकं काय आपल्याकडे आहे ते कळलं की अर्धं काम झालं. म्हणून काहीही विकत आणण्याआधी तीन दिवस नुसतं बघा. कुत्रं किती वाजता येतं, कुठून शिरतं, आल्यावर आधी नाक कुठे लावतं, बसतं कुठे. दुपारी येऊन ओल्या मातीत पोट टेकणारं कुत्रं आणि पहाटे कचऱ्याची पिशवी फाडणारं कुत्रं, यांना एकच औषध चालत नाही. दुसरी गोष्ट, आपल्याकडची सोय बंद करताना तीच सोय पन्नास फुटांवर उघडी ठेवली, तर कुत्रं आपणहून तिकडे जातं. नुसतं हाकललेलं कुत्रं दुपारी हाकललं की रात्री परत येतं, कारण जायला त्याला जागाच नसते.

फाटक

निम्म्याहून जास्त तक्रारी फाटकाखालची फट बुजवली की सुटतात. आपल्याकडची गावठी कुत्री सडपातळ असतात. डोकं शिरलं की छाती आडवी करून ती बाकीचं अंग ओढून घेतात. चार-साडेचार इंचांची फट बारीक चणीच्या कुत्र्याला पुरते, पिल्लाला त्याहून कमी. फट दोन इंचांच्या आत आणायची, हे मोजमाप धरून चला.

सगळ्यात टिकाऊ आणि स्वस्त उपाय म्हणजे जुन्या कन्व्हेयर बेल्टचा रबरी पट्टा. भंगारवाल्याकडे किंवा औद्योगिक वसाहतीजवळच्या रबराच्या दुकानात मिळतो. ५-६ मिलिमीटर जाडीचा घ्या, पातळ घेतला तर कुत्रं नाकाने उचलतं. फाटकाच्या रुंदीएवढा आणि फटीपेक्षा तीन इंच जास्त उंचीचा तुकडा कापायचा. फाटकाच्या खालच्या अँगलवर आतून पट्टा, त्यावर एक इंच रुंद, ३ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी, आणि दर आठ-नऊ इंचांवर ६ मिलिमीटरचा बोल्ट. पट्टी न लावता नुसते बोल्ट मारले, तर रबर बोल्टपाशी फाटत जातं आणि एका पावसाळ्यात लोंबकळतं. पट्ट्याची खालची कड जमिनीपासून एक सेंटिमीटर वर ठेवा. टेकवली तर फाटक जड जातं, मग घरातले लोक ते अर्धवट उघडं ठेवायला लागतात, आणि केलेला खर्च वाया जातो.

आत जाणारा रस्ता चढाचा असेल, तर आत उघडणाऱ्या फाटकाला पुरेशी फट ठेवावीच लागते. अशा ठिकाणी पट्टा घट्ट न बसवता बिजागरीवर झुलता ठेवतात. फाटक बंद असताना तो लोंबतो, उघडताना चढावर घासत मागे वळतो. बिजागरीला आतल्या बाजूने एक अडसर वेल्ड करून घ्या, नाहीतर पट्टा बाहेरून ढकलला की आतही वळेल आणि कुत्र्याला झुलतं दारच मिळेल.

नक्षीच्या फाटकाच्या उभ्या सळ्यांमधलं अंतर पाच-सहा इंच असतं. त्याला खालून अडीच फुटांपर्यंत वेल्डमेश जाळी लावायची, एक इंची चौकटीची, १४ गेजची. बायंडिंग वायरने बांधली तरी चालते, पण कापलेल्या तारांची टोकं बाहेर राहू देऊ नका. कुत्र्याचा डोळा किंवा पोराचा हात, काहीतरी त्यात अडकतंच. कडेने पट्टी मारून घेतली की प्रश्न मिटतो.

आणि फाटक बंद राहिलं पाहिजे. दूधवाला, पेपरवाला, कुरिअर, घंटागाडीकडे धावणारं कुणीतरी, यांतला एक जण फाटक उघडं टाकतोच. स्प्रिंगची बिजागरी किंवा फाटकाच्या कोनात बांधलेला, कप्पीवरून सोडलेला दोन किलोंचा वजनाचा डबा, दोन्हीपैकी काहीही चालतं. ‘कृपया फाटक लावावे’ या पाटीवर फार भरवसा ठेवू नये.

भिंत साडेतीन-चार फुटांची असेल, तर तरतरीत कुत्रं ती सहज पार करतं. पाच फुटांची भिंत त्याला अडवते, पण तिच्या बाहेर वाळूचा ढीग, विटांची रास किंवा मीटरची पेटी नसेल तरच. आधी त्या पायऱ्या काढा. भिंतीवर काचा लावू नका. कुत्रं रक्तबंबाळ होतं, आणि मांजरं, माणसंही. उंची वाढवायचीच असेल तर भिंतीच्या माथ्यावर तार ताणून तिच्यात तीन इंची पीव्हीसी पाइप ओवा, असा की तो मोकळा फिरेल. पंजा टेकला की पाइप फिरतो, पकड मिळत नाही, आणि कुत्रं जिथून उडालं तिथेच उतरतं.

चेनलिंकच्या कुंपणाखालून खड्डा काढून आत येणाऱ्या कुत्र्यासाठी जाळीचा इंग्रजी ‘एल’च्या आकाराचा पाय करावा लागतो. दीड फूट रुंदीची जाळी घ्यायची. सहा इंच कुंपणाला खालून बांधायची आणि उरलेली एक फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरून, खुंट्या ठोकून, वर माती टाकायची. कुत्रं कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरायला लागतं, तिथे जाळी लागते. एक फूट मागे सरून उकरावं हे त्याला सहसा सुचत नाही. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडून कुंपणाखाली पोकळी होते, तेव्हा एप्रिलमध्ये एकदा फेरी मारून ती भरावी लागते. कोकणात जांभ्यावर खुंटी ठोकता येत नाही. तिथे जाळी पसरून वर चिऱ्याचे तुकडे रचले तरी काम होतं.

उंबरठा, जिना, पायपुसणं

बंद दारासमोर कुत्रं झोपतं ते पायपुसण्यामुळे. थंडीत ज्यूट किंवा गोधडीचं पायपुसणं म्हणजे त्याला आयती गादी, पावसाळ्यात जिन्याखालचा कोरडा कोपरा म्हणजे घर. रात्री दहाला पायपुसणं आत घ्या, किंवा नारळाच्या काथ्याचं टोचरं वापरा. एवढ्यानेच बऱ्याच दारांपुढची मुक्कामाची सवय पंधरवड्यात सुटते. चपला-बूट झाकणाच्या रॅकमध्ये. चपला पळवणारी बहुतेक तीन ते सहा महिन्यांची, दात येत असलेली पिल्लं असतात, आणि त्यांना त्या वयात काहीतरी चावायला लागतंच.

खाण्याचं मूळ मात्र कचरा. ओला कचरा रात्री बाहेर ठेवायचा नाही. घंटागाडी येण्याआधी अर्धा तास पुरे. बाहेर ठेवावाच लागत असेल, तर कडीचं झाकण असलेली बादली घ्या आणि ती ग्रिलला ताणाच्या रबरी दोरीने बांधा. झाकणावर दगड ठेवून भागत नाही, कारण कुत्रं बादली उघडत नाही, आडवी पाडतं. मटणाची हाडं, माशांचे काटे, केक-बिर्याणीचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळून घंटागाडी येईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवणारी घरं आहेत. ऐकायला विचित्र वाटतं, पण उपाय पक्का आहे. दुधाची पिशवी अडकवायचा हूक चार फुटांच्या वर असू द्या. पितृपक्षात काकबळीचं पान कंपाउंडच्या भिंतीवर ठेवण्याऐवजी गच्चीवर ठेवा. कावळा तिथेही येतोच, आणि कुत्र्याला पंधरा दिवस भिंतीपाशी वाट बघायची सवय लागत नाही.

जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या भागांत राहणाऱ्यांना याचं आणखी एक कारण आहे. ऊस-पट्ट्यातल्या बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो. दाराशी उकिरडा असला की कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागोमाग बिबट्या.

वास धुणं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

एका कुत्र्याने जिथे मुतलं, तिथे दुसरं येऊन आपला वास चढवतं. आपल्या नाकाला काही कळत नसलं तरी फरशीच्या सांध्यात, प्लास्टरच्या भेगेत तो वास राहतो. त्यावर काळं फिनेल ओतलं, तर आपल्याला स्वच्छ वाटतं, पण मूळ वास जात नाही. उलट उग्र वासावर कुत्रं पुन्हा आपली खूण करायला येतं, असा अनुभव नेहमीचा. शिवाय काळ्या फिनेलमधले घटक पंजाला लागून चाटण्यात गेले, तर कुत्र्या-मांजरांना विषारी असतात. अमोनिया असलेले क्लीनर तर नकोतच, मुताचा वास त्याच जातीचा. आणि ताज्या मुतावर ब्लीच ओतलं तर डोळे-घसा जाळणारी वाफ निघते.

करायचं ते असं. ताजं असेल तर आधी वर्तमानपत्राने किंवा जुन्या फडक्याने टिपून घ्या. मग साध्या कपड्यांच्या साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने घासा. डाग वीतभर दिसत असला तरी तीन फूट लांब-रुंद पट्टा घासा, आणि भिंत असेल तर दोन फूट उंचीपर्यंत. शिंतोडे तिथवर जातात. भरपूर पाण्याने धुऊन वाळू द्या. त्यानंतर पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर टाका. ते फवारून लगेच पुसलं तर पैसे वाया जातात. फरशी दहा-पंधरा मिनिटं ओली राहिली पाहिजे, एन्झाइमना तेवढा वेळ लागतो. भर उन्हात टाकाल तर पाच मिनिटांत वाळेल, म्हणून संध्याकाळी टाका. आधी फिनेल किंवा जंतुनाशक टाकलेलं असेल तर ते पूर्ण धुतल्याशिवाय एन्झाइम टाकू नका. त्याचं काम बिघडतं.

एन्झाइम मिळालं नाही, तर औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक कप, खायचा सोडा एक चमचा, भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब. कालवून लगेच वापरायचं. उरलेलं बाटलीत भरून झाकण लावू नका. वायू सुटून बाटली फुगते आणि फुटूही शकते. कपड्याचा, गालिचाचा रंग याने उडतो.

व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, हा नुस्खा सगळीकडे फिरतो. तो शहाबादी, कडप्पा, कोटा किंवा संगमरवरावर करू नका. हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड, आंबट लागलं की चकाकी जाते आणि पांढरे चट्टे पडतात, ते परत निघत नाहीत. खात्री नसेल तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून बघा. बुडबुडे आले, तर व्हिनेगरचं नाव काढायचं नाही. संत्र्या-लिंबाच्या सालींचं घरी केलेलं बायोएन्झाइमही (गूळ एक भाग, साली तीन, पाणी दहा, तीन महिने) आंबटच असतं, त्यालाही हाच नियम. सिरॅमिक टाइल आणि ग्रॅनाइटवर दोन्ही चालतात. व्हिनेगरचा वास एक-दोन दिवस टिकतो, पावसाच्या एका सरीत जातो. झाडांच्या बुडाशी गेलं तर पानं करपतात.

शहाबादी फरशीचे सांधे उघडे असतील, तर कितीही धुवा, वास खालीच राहतो. धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून सांधे सिमेंटने भरून घ्या.

काही जागांचा मोह कुत्र्याला आवरत नाही. फाटकाचा खांब, भिंतीचा बाहेर आलेला कोपरा, दुचाकीचं चाक आणि अंगणातलं तुळशी वृंदावन. वाटेवरचं, उभं, एकटं, नाकाच्या उंचीवर असलेलं काहीही त्याला खुणेचा दगड वाटतं. वृंदावनाभोवती दीड-दोन फुटांवर कुंड्यांचं कडं केलं, तर कुत्र्याला अंग लावून उभं राहता येत नाही. कुंड्यांमधलं अंतर वीतभर. याच्या जोडीला एक युक्ती आहे, जी ऐकून लोक हसतात: फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, दोन फुटांचा एक लाकडी खुंट किंवा उभा दगड रोवायचा आणि तो कधीच धुवायचा नाही. वस्तीतल्या कुत्र्यांचा नोटीसबोर्ड तिकडे सरकतो. चार-सहा दिवसांत तो वापरात आला नाही, तर दगड त्यांच्या वाटेपासून लांब पडलाय असं समजून फूट-दोन फूट हलवायचा.

वाफे आणि कुंड्या

बाग उकरली जाते त्याचा दोष बऱ्याचदा खताच्या पोत्यात असतो. हाडांचा चुरा म्हणजे बोनमील, माशांचं अमिनो, रक्ताचं खत, यांचा वास कुत्र्याला मैलभरावरून बोलावतो म्हटलं तरी चालेल. गुलाबाला बोनमील घातलं आणि दुसऱ्या दिवशी गुलाब आडवा, ही गोष्ट बागकाम करणाऱ्याला नवी नाही. वीतभर खोल पुरलं तरी कुत्र्याला ते कळतं. बोनमीलऐवजी रॉक फॉस्फेट वापरा. बोनमीलच घालायचं असेल तर त्या जागेवर तीन आठवडे जाळी ठेवा.

पेंडीत फरक करा. निंबोळी पेंड कडू, कुत्रं तिच्या वाटेला जात नाही. आठ-दहा इंची कुंडीला मूठभर, वाफ्याला चौरस मीटरमागे पाव किलोपर्यंत घालता येते. एरंडीची पेंड मात्र बाहेरची कुत्री-मांजरं फिरत असतील तिथे वापरूच नये. ती कुत्र्याला चवदार लागते आणि तिच्यातलं रायसिन जीवघेणं असतं. उलट्या, रक्ती जुलाब, मग मृत्यू. बोनमील आणि एरंडी पेंड एकत्र केलेली तयार खतं मिळतात. पिशवीवरचे घटक वाचल्याशिवाय घेऊ नका.

दुसरं कारण गारवा. चैत्र-वैशाखात सकाळी पाणी दिलेला वाफा दुपारी बारा वाजता वस्तीतली सगळ्यात गार जागा असते. कुत्रं वरची चार बोटं माती बाजूला करतं आणि खालच्या ओल्यात पोट टेकतं. रोपांशी त्याचं वैर नसतं, ती मधे येतात. उन्हाळ्यापुरतं पाणी संध्याकाळी द्या, म्हणजे दुपारपर्यंत वरचा थर कोरडा होतो. आणि बागेबाहेर, झाडाच्या सावलीत, तीन बाय चार फुटांचा, वीतभर खोल, वाळू-मातीचा खड्डा करून त्यात सकाळी एक बादली पाणी ओता. शेजारी पाण्याची सिमेंटची कुंडी. दोन दिवसांत कुत्रं तिथे लोळताना दिसेल. हा उपाय फुकट आहे आणि बागेतल्या कुठल्याही फवाऱ्यापेक्षा भरवशाचा.

वाफ्याला अंगचं संरक्षण द्यायचं तर जाळी जमिनीवर आडवी पसरा. दोन इंची चौकटीची वेल्डमेश, वाफ्याच्या मापाने कापलेली, कडा खाली वळवलेल्या, वर एक इंच माती. मेथी-कोथिंबीर चौकटींतून वर येते. वांगी-टोमॅटोसाठी पाच-सहा इंचांचं भोक कापायचं. पंजा उकरायला गेला की तारेला लागतो, ओंजळीने माती ओढता येत नाही, आणि कुत्रं कंटाळतं. कोंबड्यांची षटकोनी जाळी स्वस्त म्हणून घेऊ नका. तिची बारीक तार दोन पावसाळ्यांत गंजते, कुत्र्याचं नख अडकतं आणि तुम्हाला खुरप्याने काम करताना बोटाला लागतं.

नवी रोपं लावलेला वाफा पहिले दोन महिने जपायचा असतो. बांबूच्या कामट्या फूटभर उंच, सहा-आठ इंचांवर, टोकं बोथट करून खोचा. कुत्र्याला गोल फिरून बसायला जागा उरली नाही की ते बसत नाही. रोपं भरली की काढून टाका. मोठ्या झाडांच्या आळ्यात मूठभर आकाराचे गोटे किंवा नारळाची सोडणं, कवटीसारखी पालथी, एकमेकांना लागून. बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्या आळ्यात पसरू नयेत. काटा पंजात मोडतो, पू होतो. कुंपणाचीच गोष्ट असेल तर जिवंत कुंपण करा: करवंद, बोगनवेल, मेंदी, कोयनेल. करवंदाची रोपं दीड-दोन फुटांवर दोन आडव्या-तिडव्या ओळींत लावली, तर तीन-चार वर्षांत कुत्रं सोडा, बकरीही शिरत नाही. कोयनेल लवकर भरते, पण खालून उघडी पडते. तिच्या बुडाशी पहिली दोन वर्षं जाळी लागतेच.

हिरवळीवर पिवळे गोल चट्टे पडतात ते मुतातल्या नत्राने. दिसल्या दिसल्या त्या जागी बादलीभर पाणी ओतलं तर गवत वाचतं. दुसऱ्या दिवशी ओतून उपयोग नाही.

झेंडू, गवती चहा, पुदिना लावून कुत्री येत नाहीत, असं ठामपणे सांगणाऱ्यांच्या बागेत एकदा दुपारी जाऊन बघावं.

हे करू नका

तिखट. मिरचीची पूड नाकात-डोळ्यात गेली की कुत्रं तासन्तास तडफडतं, पंजाने डोळा चोळून जखम करून घेतं. वाऱ्याने ती तुमच्याच घरात येते ते वेगळंच. डांबराच्या गोळ्या नॅफ्थलीनच्या असतात, खाल्ल्या गेल्या तर रक्तपेशी आणि यकृत खराब करतात, आणि पांढऱ्या गोळ्या पोरांनाही गोळ्याच वाटतात. चुन्याची फकी ओल्या पंजाला भाजते. गॅमेक्सीन, रॉकेल, ॲसिड, उकळतं पाणी, कॉफीचा चोथा (त्यातलं कॅफीन विषारी), गोगलगायींसाठीचं मेटाल्डिहाइडचं आमिष, यांतलं काहीही नको. कुंपणात घरची वीज सोडणं म्हणजे माणूस मारण्याची तयारी. त्यात दरवर्षी शेतांवर माणसं जातात.

विष घालणं, पाय मोडणं, मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा वेगळा.

यंत्रं

हालचाल टिपून पाणी उडवणारा फवारा कामाचा आहे, पण आपल्याकडे तो पाण्याच्या दाबावर अडतो. टाकी दहा मीटर उंच असेल तर नळाला साधारण एक बार दाब मिळतो. बैठ्या बंगल्याची टाकी चार-पाच मीटरवर, म्हणजे अर्ध्या बारपेक्षाही कमी. परदेशी धाटणीचा फवारा एवढ्यावर थुंकल्यासारखा पडतो. बारीक तोंडाचा नोझल लावा, किंवा १२ व्होल्टचा छोटा पंप जोडा. सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघड-बंद होणारी झडप) घेताना तो शून्य दाबालाही उघडणारा आहे ना हे विचारा. काही व्हॉल्व्हना उघडायलाच ठरावीक दाब लागतो. बोअरच्या पाण्याला आधी जाळीचा फिल्टर, नाहीतर क्षाराने महिन्याभरात अडकतो. सेन्सर जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, कुत्र्याच्या वाटेला आडवा. समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं त्याला चांगलं कळतं. पश्चिमेच्या तापलेल्या पत्र्याकडे तोंड केलंत तर दुपारभर उगाच पाणी उडेल. पाणी तीन सेकंद पुरे, धसका पाण्यापेक्षा अचानकपणाचा असतो.

अल्ट्रासोनिक आवाजाची डबी घेण्याआधी परत करता येते का बघा. काही कुत्री सुरुवातीला दूर राहतात, मग सवय होते. झाडं आणि भिंती तो आवाज अडवतात, बऱ्याच म्हाताऱ्या कुत्र्यांना तो ऐकूच येत नाही. आणि शेजाऱ्याच्या पाळलेल्या कुत्र्याला मात्र दिवसभर त्रास.

खाऊ घालणारे

सोसायटीच्या फाटकात कुणीतरी रोज पोळ्या टाकत असेल, तर वरचे सगळे उपाय निम्मेच चालतात. भांडून ते थांबत नाही, लपून सुरू राहतं, आणि लपून टाकलेलं अन्न जिन्यात पडतं. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम इथे दोन्ही बाजूंना उपयोगी आहेत. खाऊ घालायची जागा सोसायटीने ठरवून द्यायची. ती येण्या-जाण्याच्या वाटा, जिने आणि मुलांच्या खेळाच्या जागेपासून दूर हवी. वेळ वर्दळीची नको. खाऊ घालणाऱ्याला बरोबर घेऊन जागा ठरवा आणि भांडं एकदम न हलवता दर दोन दिवसांनी दहा-पंधरा फूट सरकवा. वेळ तीच ठेवा. वीस मिनिटांनी उरलेलं उचलायचं, म्हणजे परकी कुत्री, घुशी आणि कावळे जमत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत टोळी नव्या जागी बसायला लागते. त्याच जागी पाणी आणि पोत्याचा आडोसा दिला तर पार्किंगही मोकळं होतं. गाडीच्या टपावर झोपणाऱ्या कुत्र्याला कव्हरने फरक पडत नाही. बॉनेटवर चढायला मदत करणारी शेजारची दुचाकी दोन फूट लांब लावली तर पडतो.

कुत्री उचलून लांब सोडून आणायची, ही सूचना प्रत्येक सभेत येते. नियमात ते बसत नाही, आणि मोकळ्या जागेत महिन्या-दोन महिन्यांत नवी, अनोळखी, लस न दिलेली कुत्री येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं, रेबीजची बाधा किंवा संशय असलेलं आणि आक्रमक वगळता, पकडल्या जागी सोडायचं असंच आहे. ७ नोव्हेंबर २०२५ चा, परत न सोडण्याचा आदेश शाळा, रुग्णालयं, बस आगार, रेल्वे स्थानकं अशा आवारांबद्दलचा आहे, तुमच्या अंगणाबद्दलचा नाही. महापालिकेकडे नसबंदीसाठी अर्ज करताना कुत्र्यांची यादी द्या: नर-मादी, रंग, बसायची जागा, कानाला खाच आहे का. खाच म्हणजे नसबंदी झालेली. माद्या आधी लिहा. रोजच्या वेळी खाऊ घालणारा माणूस गाडी येईल तेव्हा हजर असेल तर कुत्री हाती लागतात, नाहीतर गाडी बघताच सगळी पांगतात.

दारात अनोळखी कुत्रं उभं असेल तेव्हा दगड उचलू नका आणि पळू नका. तिरकं उभं राहून, डोळ्यांत न बघता, एकदाच ठाम आवाजात ‘हाड’, काठी जमिनीवर आपटायची, आणि त्याला जायला फाटकाची बाजू मोकळी ठेवायची. कोपऱ्यात अडकलेलं कुत्रं चावायची शक्यता जास्त. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

भाद्रपदाचं गणित

आपल्याकडे कुत्र्यांचा माजाचा मोठा हंगाम भाद्रपदाच्या आगेमागे. गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. म्हणजे दिवाळीनंतर, थंडीच्या तोंडावर मादी कोरडी, अंधारी, तीन बाजूंनी बंद अशी जागा शोधते: जिन्याखाली, पाण्याच्या पंपाच्या खोलीत, रचलेल्या फरश्यांमागे, बंद पडलेल्या गाडीखाली. या जागा नवरात्रात बंद करा. जाळी लावण्याआधी आत कुणी नाही ना हे टॉर्च लावून बघा, आणि रात्री फटीत पीठ भुरभुरून सकाळी पावलं बघा.

उशीर झाला आणि पिल्लं झालीच, तर सहा ते आठ आठवडे ती जागा सोडून द्या. पिल्लं हलवली तर मादी आक्रमक होते, आणि रात्री ती तोंडात धरून परत तिथेच आणते, कधी त्याहून अडचणीच्या जागी. तिच्या वाटेवर मुलांना जाऊ देऊ नका. जिना तोच असेल तर मधे पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा आडोसा उभा करा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय तिला दिसत नाहीत आणि ती गुरगुरत नाही. पिल्लं बाहेर खायला लागली की दत्तक देण्याचं बघा, आणि दूध आटलं की मादीचं नाव नसबंदीच्या यादीत वर घाला. जागा रिकामी झाली की पोती-चिंध्या काढून, साबणाने धुऊन, वाळवून, त्याच दिवशी जाळी लावा. रात्रभर उघडी ठेवलीत तर सकाळी आत दुसरी कुणीतरी असेल.